मुलांचे शिक्षण आणि आई-वडिलांचे म्हातारपण: एकाच पगारातून दोन्ही सांभाळताना करावयाचे आर्थिक नियोजन

चाळिशीच्या आसपासच्या मराठी नोकरदार कुटुंबात आज एकाच महिन्यात मुलीच्या क्लासची फी, वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि घराच्या कर्जाचा हप्ता असे तीन खर्च एकत्र येतात. पगार अपुरा पडतो हे खरेच आहे, परंतु माझ्या मते त्याहून मोठी अडचण अशी की घरातील सगळा पैसा एकच मानला जातो. आई-वडिलांच्या ठेवी किती व कुठे आहेत हे मुलाला ठाऊक नसते, मुलाच्या भविष्य निर्वाह निधीला नातवाच्या प्रवेशासाठी कधी हात लागला हे आई-वडिलांना ठाऊक नसते, आणि कुणाच्या भविष्यातून कुणाचा वर्तमान भागवला जात आहे हे कुणालाच दिसत नाही. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: आई-वडिलांचा हिशेब, आपला हिशेब आणि मुलांचा हिशेब अशा तीन स्वतंत्र वह्या कराव्यात, आणि एका वहीतून दुसरीत पैसा न्यायचा असेल तर तो ठरवून, लिहून आणि दोघांना सांगून न्यावा.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक कल्पित कुटुंब घेऊ. पती-पत्नी पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करतात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला १,३०,००० रुपये आहे. मुलगी आठवीत आणि मुलगा तिसरीत आहे. पतीचे वडील ७१ वर्षांचे व आई ६६ वर्षांची असून दोघे सातारा जिल्ह्यातील गावी राहतात. घरकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ३६,०००, शाळा, क्लास व स्कूलबस १७,०००, गावी पाठवायचे १२,०००, पेट्रोल व प्रवास ८,००० आणि विम्याच्या हप्त्यांची मासिक सरासरी ७,००० रुपये धरली, तर १,१४,००० रुपये जातात आणि १६,००० रुपये उरतात. या १६,००० रुपयांतच मुलांचे उच्च शिक्षण आणि स्वतःचे निवृत्तीनंतरचे जीवन बसवायचे आहे.

पहिली पायरी: आई-वडिलांची वही उघडणे

सर्वांत अवघड आणि सर्वांत फायद्याची पायरी हीच आहे. वडिलांना थेट "तुमच्याकडे किती पैसे आहेत?" असे विचारले तर ते दुखावतात, कारण त्यात हक्क मागितल्याचा वास येतो. त्यापेक्षा आपले कागद आधी त्यांच्यासमोर ठेवावेत. "बाबा, माझा विमा, माझ्या ठेवी, माझे कर्ज सगळे या फाइलमध्ये आहे, तुम्हाला माहीत असावे म्हणून दाखवतो. तुमचेही एकदा सोबत बसून लिहून काढू या," असे म्हटले की बहुतेक वडील दुसऱ्या दिवशी स्वतःहून कपाटातील पिशवी काढतात. गणपतीत किंवा दिवाळीत सगळी भावंडे गावी येतात, तेव्हा हे केल्यास नंतर "मला कुणी सांगितलेच नाही" हा प्रश्न उद्भवत नाही.

त्या पिशवीत काय निघते ते पाहू. वडिलांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला २,४०० रुपये मिळतात. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन अवघे १,००० रुपये आहे, त्यामुळे खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची रक्कम सहसा अशीच तुटपुंजी असते. त्याखेरीज पतसंस्थेत ६ लाख, सहकारी बँकेत ४ लाख आणि राष्ट्रीयीकृत बँकेत ५ लाख अशा १५ लाखांच्या ठेवी निघतात. त्यांचे व्याज वडील हातात घेत नाहीत. मुदत संपली की व्याजासह पावती पुन्हा ठेवली जाते. म्हणजे एकीकडे मुलगा पोटाला चिमटा काढून १२,००० रुपये पाठवतो आणि दुसरीकडे आई-वडिलांचे स्वतःचे उत्पन्न वापराविना साचत राहते. दोघांचाही हेतू चांगला आहे, पण एकमेकांची वही कुणीच न पाहिल्याने दोघांचेही नुकसान होते.

येथे पतसंस्थेबाबत स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते आणि या रकमेत मुद्दल व व्याज दोन्ही मोजले जाते. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. ओळखीचे संचालक आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याज यांच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांची आयुष्याची कमाई तेथे ठेवणे मला योग्य वाटत नाही. मुदत संपेल तशी ती रक्कम शांतपणे काढून घ्यावी.

ती कुठे ठेवावी? साठी ओलांडलेल्यांसाठी टपाल कार्यालयात व बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, मुदत ५ वर्षांची असते, व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि खाते उघडतानाचा दर पूर्ण मुदतभर कायम राहतो. एप्रिल २०२३ मध्ये हा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला नव्या खात्यांचा दर जाहीर करते, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या तिमाहीचा दर पाहून घ्यावा. आपल्या उदाहरणातील १५ लाखांपैकी १२ लाख या योजनेत ठेवले, तर ८.२ टक्के दराने वर्षाला ९८,४०० म्हणजे महिन्याला ८,२०० रुपये होतात. निवृत्तिवेतन धरून १०,६०० रुपये झाले. गावी दोघांचा खर्च औषधांसह १७,००० रुपये असेल, तर मुलाने भरून काढायची तूट ६,४०० रुपयांची राहते. उरलेले ३ लाख साध्या मुदतठेवीत आजारपणासाठी राखून ठेवावेत. व्याज वापरायला वडील तयार होत नसतील, तर त्यांना हा हिशेब कागदावर दाखवावा आणि सुटणारे पैसे नातवंडांच्या शिक्षणासाठी जाणार आहेत हेही सांगावे.

दुसरी पायरी: आजारपणाची तयारी

या संपूर्ण नियोजनाला सर्वाधिक धोका येथूनच आहे. एका शस्त्रक्रियेत मुलांच्या शिक्षणाची पाच वर्षांची बचत जाऊ शकते, म्हणून गुंतवणुकीच्या आधी हे काम पूर्ण करावे.

वडिलांचे वय ७० पूर्ण असल्याने उत्पन्नाची कोणतीही अट न लावता त्यांना आयुष्मान भारत योजनेतील आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होऊ शकतात. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि खासगी आरोग्य विमा असला तरी ती मिळते. आईचे वय अजून ६६ आहे. तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जी आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्यात आली आहे. दोन्ही बाबतींत एक काम आजच करावे: आधार कार्ड व शिधापत्रिकेवरील नाव, जन्मतारीख जुळते का ते पाहावे, आणि गावापासून तासाभराच्या अंतरात योजनेत सहभागी असलेली रुग्णालये कोणती व त्यांत हृदय, अस्थिरोग आणि मूत्रपिंडाचे कोणते उपचार होतात हे लिहून ठेवावे. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून हे शोधता येत नाही.

खासगी विमा घ्यायचा असेल तर आई-वडिलांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. त्यांना आपल्या आणि मुलांच्या कौटुंबिक पॉलिसीत घालू नये, कारण तशा पॉलिसीचा हप्ता सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका आजारपणात मुलांच्या वाट्याचे संरक्षणही संपते. विमा नियामकाने २०२४ पासून वयाची कमाल अट काढून टाकली आहे आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला आहे. मधुमेह किंवा रक्तदाब लपवून पॉलिसी घेऊ नये. दावा नाकारला जाण्याचे ते सर्वांत सोपे कारण ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. कंपनीच्या गटविम्यात आई-वडील असले तरी नोकरीबरोबर तो विमाही जातो, हे लक्षात ठेवावे.

पॉलिसीतील दोन अटी नीट वाचाव्यात. पहिली अट सहभुगतानाची: २० टक्के सहभुगतान असेल तर ४ लाखांच्या बिलात ८०,००० रुपये आपल्याला भरावे लागतात. दुसरी अट खोलीभाड्याच्या मर्यादेची. समजा मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि आपण ८,००० रुपयांची खोली घेतली. फक्त वरचे ३,००० रुपये आपल्याला भरावे लागतील असे वाटते, पण अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. अशा खर्चांचे बिल २,४०,००० असेल तर कंपनी त्याचे पाच अष्टमांश, म्हणजे १,५०,००० रुपयेच देते आणि ९०,००० रुपये आपल्या खिशातून जातात. त्यामुळे दाखल होतानाच नातेवाइकांनी मर्यादेतील खोली मागणे हे कोणत्याही सवलतीपेक्षा अधिक पैसे वाचवते.

विमा जेथे संपतो तेथून पुढचा खर्च मात्र बहुतेकांच्या हिशेबात नसतो. आई घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया विम्यात झाली, ती घरी आली. त्यानंतर तीन महिने दिवसपाळीची मदतनीस, फिजिओथेरपी, कमोडची खुर्ची, वॉकर, डायपर हे सर्व लागते. मदतनीस दिवसाला ८०० रुपये धरली तरी महिन्याचे २४,००० होतात, आणि यातील जवळपास काहीच विमा देत नाही. वर राखून ठेवलेले ३ लाख यासाठीच आहेत. त्याच पैशांतून आज न्हाणीघरात पकडायला दांडा, न घसरणारी फरशी आणि जिन्याजवळ दिवा लावून घेतला, तर तो खर्च मी विम्याच्या हप्त्याइतकाच आवश्यक मानतो.

आपल्या उदाहरणात गावी पाठवायचे १२,००० ऐवजी ६,४०० झाल्याने ५,६०० रुपये सुटले. त्यातील निम्मे, म्हणजे २,८०० रुपये, आईच्या स्वतंत्र पॉलिसीसाठी ठेवावेत. आता महिन्याची शिल्लक १८,८०० रुपये झाली.

तिसरी पायरी: कमावत्या माणसाचा विमा

कमावता माणूस गेला तर तिन्ही वह्या एकाच दिवशी बंद पडतात. मुदत विम्याची (टर्म इन्शुरन्सची) रक्कम अंदाजाने ठरवू नये, बेरीज करावी. शिल्लक घरकर्ज ३० लाख, दोन्ही मुलांचे शिक्षण ३५ लाख, घरखर्चाचे महिन्याला ३६,००० प्रमाणे पंधरा वर्षांचे सुमारे ६५ लाख आणि आई-वडिलांचे महिन्याला ६,४०० प्रमाणे पंधरा वर्षांचे साडेअकरा लाख: एकूण सुमारे १ कोटी ४२ लाख. महागाई धरता दीड कोटींचा विमा वाजवी ठरतो. पत्नीही कमावती असल्याने तिच्याही पगाराच्या प्रमाणात तिचा विमा हवा. गुंतवणूक आणि विमा एकत्र असलेल्या जुन्या पॉलिसींचे मोठे हप्ते भरत राहिल्याने खरे संरक्षण १०-१५ लाखांचेच उरलेले असते, असे अनेक घरांत दिसते.

आणखी एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेल्या पॉलिसीची रक्कम धनकोंपासून सुरक्षित राहते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती केवळ पत्नी व मुलांसाठी असते, आई-वडिलांना त्यात स्थान नाही. आई-वडील आपल्यावर अवलंबून असतील तर २०-२५ लाखांची दुसरी, साधी मुदत पॉलिसी घेऊन त्यात आईला किंवा वडिलांना नामनिर्देशित करावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असतील तर त्या रकमेवर त्यांचाच लाभहक्क असतो.

चौथी पायरी: भावंडांचा वाटा आणि सुनेचे श्रम

आई-वडिलांचा खर्च कोण किती उचलणार हे भावंडांनी एकदा बसून ठरवावे. पैसा आणि वेळ हे दोन्ही वाटे आहेत. जो भाऊ गावी राहून दवाखान्याच्या फेऱ्या मारतो, त्याच्याकडून पुन्हा रोख रकमेची समान अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क दिला आहे. त्यामुळे बहिणीला निर्णयातून वगळून केवळ सेवेच्या वेळी बोलावणे कायद्याच्या व माणुसकीच्या दोन्ही दृष्टींनी चुकीचे आहे. त्याचप्रमाणे पत्नीच्या आई-वडिलांसाठीही या अंदाजपत्रकात उघडपणे एक ओळ असावी. ती नसेल तर पत्नी स्वतःच्या पगारातून लपूनछपून पैसे पाठवते आणि हिशेब पहिल्या महिन्यापासून खोटा ठरतो.

सासू अंथरुणाला खिळली की नोकरी बहुधा सुनेने सोडायची असते. हा निर्णय घेण्यापूर्वी त्याची किंमत मोजावी. तिचा पगार ४५,००० असेल तर मदतनिसाचे २४,००० रुपये देऊनही घर फायद्यात राहते. शिवाय तिचा भविष्य निर्वाह निधी, पगारवाढ आणि चाळिशीनंतर पुन्हा नोकरी मिळण्याची अडचण या गोष्टी वेगळ्याच. तरीही नोकरी सोडण्याचे दोघांनी मिळून ठरवले, तर दरमहा ठरावीक रक्कम तिच्या नावाने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत किंवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत भरावी, आणि त्यात सर्व भावंडांचा वाटा असावा. तिच्या म्हातारपणाचे पैसे कुटुंबाने खर्च केलेले आहेत, तेव्हा ते कुटुंबाने भरून द्यावेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

पाचवी पायरी: आपली निवृत्ती आधी, मुलांचे शिक्षण नंतर

हा क्रम ऐकायला कठोर वाटतो. पण आपल्या वडिलांची २,४०० रुपयांची पेन्शन आपणच पाहिली आहे, आणि पंचवीस वर्षांनी आपल्या मुलांनी अशीच ओढाताण करावी असे आपल्याला वाटत नाही. म्हणून १८,८०० रुपयांतून पहिले ६,००० पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीव्यतिरिक्त निवृत्तीसाठी बाजूला काढावेत. नोकरी बदलताना निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम हाताशी नसेल, तर बोनस आणि पगारवाढ आधी तिकडे वळवावी.

उरलेले १२,८०० रुपये मुलांचे. आज १० लाखांना होणारे पदवीचे शिक्षण ८ टक्क्यांनी महागत गेले तर पाच वर्षांनी सुमारे १४ लाख ७० हजारांना आणि दहा वर्षांनी सुमारे २१ लाख ६० हजारांना पडेल. मुलीसाठी संपूर्ण रक्कम पाच वर्षांत ७ टक्के परताव्याने जमवायची तर महिन्याला साडेवीस हजार लागतील, जे शक्य नाही. ते शक्य नाही हे आजच मान्य केल्याने पुढची घाई टळते. तिच्यासाठी ९,००० रुपये आवर्ती ठेव किंवा तत्सम सुरक्षित साधनात घालावेत. पाच वर्षांत सुमारे ६ लाख ४० हजार जमतील. उरलेले आठेक लाख शिक्षणकर्ज व त्या-त्या वर्षीचा पगार यांतून उभे करावेत. साधारणतः साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला स्थावर मालमत्तेचे तारण मागितले जात नाही. मुलाच्या हाती दहा वर्षे असल्याने ३,८०० रुपये समभाग म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवता येतील. १० टक्के परतावा मिळाल्यास पावणेआठ लाखांच्या आसपास रक्कम होईल, मात्र या परताव्याची हमी कुणी देत नाही. मुलीचे शिक्षण मार्गी लागल्यावर तिचे ९,००० रुपयेही त्याच्याकडे वळतील.

दहा वर्षांखालील मुलगी असणाऱ्यांनी सुकन्या समृद्धी खाते अवश्य उघडावे. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्याही विसरू नयेत: वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास राजर्षी शाहू महाराज योजनेतून खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, आणि २०२४ पासून त्याच मर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. आपल्या उदाहरणातील कुटुंब या मर्यादेत बसत नाही. बसणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला बारावीच्या सुट्टीपूर्वीच काढून ठेवावा.

लग्नासाठी निवृत्तीच्या निधीला हात लावू नये आणि कर्जही काढू नये.

सहावी पायरी: कर आणि कागद

आई-वडिलांना दिलेली रक्कम त्यांच्या हाती करपात्र नसते, आणि ती त्यांच्या नावे गुंतवल्यास व्याज त्यांच्याच उत्पन्नात धरले जाते. त्यांचे उत्पन्न कमी असेल तर करात बचत होते. परंतु तो पैसा त्या क्षणापासून त्यांचा होतो आणि त्यांच्या पश्चात सर्व वारसांचा त्यावर हक्क येतो. म्हणून मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी भावंडांना सांगावे. ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्यासाठीची ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट केवळ जुन्या करपद्धतीत मिळते. नवी पद्धत स्वीकारली असेल तर केवळ वजावटीसाठी एखादी पॉलिसी चालू ठेवण्यात अर्थ नाही.

आई-वडिलांपैकी प्रत्येकाच्या बँक खात्यात दुसरे नाव असावे आणि व्यवहार 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीने चालावा. कुलमुखत्यारपत्र पुरेसे आहे असे अनेकांना वाटते, पण ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते कायद्याने संपते, आणि स्मृतिभ्रंशात नेमके हेच घडते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. तरीही बँक ठेवीत नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारी असते, वारस वेगळे असू शकतात. म्हणून मृत्युपत्र हवेच. त्याला दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदणी केल्याने पुढचे वाद कमी होतात.

गावच्या सातबाऱ्यावर अजूनही आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंद वडील हयात असतानाच करून घ्यावी, कारण कोणता गट कुणाचा आणि कोणत्या आत्याने हक्कसोड दिली होती हे त्यांनाच ठाऊक असते. वडिलांनी राहते घर मात्र घाईने मुलाच्या नावे करू नये. महाराष्ट्रात मुलांना राहते घर बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये असल्याने तसा सल्ला सर्रास दिला जातो. द्यायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ती अट मोडल्यास असे हस्तांतरण रद्द करून घेता येते.

वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, तिन्ही वह्या समोर घेऊन बसावे. वडिलांच्या ठेवींच्या मुदती, आईच्या पॉलिसीचा वाढलेला हप्ता, मुलीच्या शिक्षणाचा नवा अंदाज आणि आपल्या निवृत्तीच्या खात्यातील शिल्लक या चार ओळी दरवर्षी लिहाव्यात. पगारवाढीचा निम्मा भाग निवृत्तीच्या खात्यात जाईल अशी सूचना त्याच दिवशी बँकेला द्यावी, आणि वडिलांचा हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत सादर करण्याची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवावी.